समोर जे दिसत नाहीये ते

पत्रक आमच्या दाराच्या कडीला रबरबँडने अडकवलेलं होतं. ‘डोंगर! फळबागा! धबधबे! सारं काही एका दिवसात! पाचगणी-महाबळेश्वर, माणशी फक्त १,४५० रुपये, अनुभवी गाईडसह!’ खाली तीन चित्रं होती. एकात हिरवेगार डोंगर, एकात टोपलीभर लालबुंद स्ट्रॉबेरी, एकात धो धो धबधबा. तिन्ही चित्रांत लख्ख ऊन होतं. महिना जुलै.

मी हिला म्हणालो, “अगं, जुलैत महाबळेश्वरला कोण जातं? पुण्यात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो ना, तेवढा तिथे जुलैच्या दहा-बारा दिवसांत पडतो.”

“मग आपण एकच दिवस जातोय,” ही म्हणाली. “आणि तुम्हाला करायचंय काय? बस चालणार, गाईड बोलणार, तुम्ही नुसतं बघायचं.”

यातल्या पहिल्या दोन गोष्टी झाल्या.

पत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सकाळी ५.३० वाजता स्वारगेट. उशीर झाल्यास बस थांबणार नाही.’ त्यामुळे आम्ही पाच-दहालाच जाऊन उभे. बस थांबली नाही हे अगदी खरं, कारण ती आलीच नव्हती. ती आली पावणेसातला, आणि आल्यावर मात्र थांबली. सीट नंबर १७ आणि १८ साठी थांबली. ही मंडळी ‘कात्रजला चढतो’ म्हणाली होती. कात्रजला पोचलो तेव्हा ती ‘लिफ्टमध्येच आहोत’ म्हणाली. पंधरा मिनिटं लिफ्टमध्ये राहणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. आल्यावर त्यांनी कुणाची माफी मागितली नाही. उलट, खिडकी मागितली.

सहलीत माणसांची नावं कळायला वेळ लागतो, सीट नंबर लगेच कळतो. सीट नंबर ३ वर एक निवृत्त काका होते. त्यांनी सगळं आधीच पाहिलेलं होतं, आणि तेव्हा ते जास्त चांगलं होतं. सीट नंबर ९ च्या वहिनींना घाट लागतो. घाट अजून साठ किलोमीटर लांब असतानाच त्यांनी ओवा, आवळासुपारी, लिंबू आणि प्लास्टिकची पिशवी मांडीवर पूजेच्या साहित्यासारखी मांडून ठेवली होती. त्यांच्या पुढच्या सीटवर मी होतो. खंबाटकी येईपर्यंत मी मान एकदाही मागे टेकली नाही.

आणि दाराशी आमचा गाईड, हातात माईक. पंचविशीतला, हसतमुख, रेनकोटाच्या आत टाय. त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणायला लागले आणि तो सगळ्यांना ‘सर’, ‘मॅडम’. भाऊंचा आवडता शब्द ‘समाविष्ट’. “नाश्ता समाविष्ट आहे. चहा समाविष्ट आहे. दुसरा चहा समाविष्ट नाही. मिसळीला तर्री समाविष्ट आहे, जास्तीचा पाव नाही.” काकांनी विचारलं, “पाऊस?” भाऊ म्हणाले, “तो कॉम्प्लिमेंटरी आहे काका.” सगळी बस हसली. ही माझ्याकडे बघून म्हणाली, “बघा, किती छान बोलतो.” लग्नानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत माझ्या एकाही विनोदाला हे वाक्य मिळालेलं नाही.

सुरूरहून उजवीकडे वळलो आणि वाई आली. ज्या गावात तर्कतीर्थांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, त्या गावात आमच्या बसने फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर शोधलं, आणि ते एका पेट्रोलपंपामागे मिळालं. ढोल्या गणपतीला बसमधूनच नमस्कार केला. मग पसरणीचा घाट सुरू झाला. “हे पसरणी, शाहीर साबळे यांचं गाव,” भाऊ म्हणाले. काकांना लगेच स्फुरण चढलं आणि त्यांनी खड्या आवाजात एक ओळ उचलली. तेवढ्यात पहिलं वळण आलं. वहिनींनी पिशवी उचलली आणि काकांनी ओळ खाली ठेवली.

घाटाच्या निम्म्यावर ढग आला. ‘आला’ म्हणजे पुस्तकात येतो तसा तरंगत वगैरे नाही. कुणीतरी बसवर ओली गोधडी टाकावी तसा आला. खिडकीबाहेर पांढरं, पुढच्या काचेतून पांढरं. ड्रायव्हर स्टिअरिंगवर छाती टेकवून रस्ता बघत होता आणि बहुधा आठवणीने वळत होता. भाऊंचा आवाज मात्र तसूभरही हलला नाही. माईक तोंडाशी धरून त्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे मला त्या दिवशी आणखी बावीस वेळा ऐकायचं होतं.

“सर, मॅडम, आता उजव्या हाताला समोर जे दिसत नाहीये, ते कृष्णेचं खोरं.”

सगळ्यांनी उजवीकडे पाहिलं. मीही पाहिलं. सीट नंबर १७ ने मोबाईल काढून फोटोसुद्धा घेतला.

पाचगणीचं टेबललँड म्हणजे जांभ्या दगडाचं भलंमोठं सपाट पठार. भाऊंनी तसं सांगितलं म्हणून कळलं. एरवी आम्ही एखाद्या मोठ्या वॉशिंग मशीनमध्ये उभे आहोत असंही म्हणता आलं असतं. तिथे एका घोडेवाल्याने मला गाठलं. “साहेब, पूर्ण पठार फिरवतो. पाच पॉइंट. पाचशे.” मी म्हणालो, “अरे, दिसत काहीच नाहीये.” तो म्हणाला, “घोड्याला दिसतंय ना साहेब.” या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिने तीनशेवर आणलं आणि मी चेतकवर चढलो. नाव चेतक, चाल माझ्या ऑफिसातल्या फायलीची. तो धुक्यात शिरला, बराच वेळ चालल्यासारखं करत राहिला, मध्ये एका ठिकाणी थांबला. घोडेवाला गंभीरपणे म्हणाला, “हा पहिला पॉइंट.” पुन्हा चाललो. “हा दुसरा.” तिसऱ्या पॉइंटवर मला ओळखीचा आवाज ऐकू आला. ही भेळवाल्याशी ‘कांदा जास्त घाल’ म्हणून बोलत होती, आणि ती जिथे मी तिला सोडलं होतं तिथेच उभी होती. चौथ्या पॉइंटवर चेतकने तिच्या हातातली भेळ खाल्ली. पाचवा पॉइंट मी माफ केला.

“कसं होतं?” हिने विचारलं.

“भव्य आहे पठार,” मी म्हणालो. तीनशे रुपये गेल्यावर पठार भव्य असावंच लागतं.

पुढे भिलारचा फाटा लागला. मी उत्साहाने हात वर केला. “भाऊ, हे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं ठेवलीत लोकांनी. आत बसून वाचता येतं. पाऊसही लागणार नाही!” बसमध्ये शांतता पसरली. वाचायला पुण्याहून इतक्या लांब यायचं, हा विचार अनेकांना सहन झाला नाही. “सर, ते आयटनररीत समाविष्ट नाही,” भाऊ हळुवारपणे म्हणाले. “आपल्याला फळबाग करायची आहे.”

फळबाग! बसमध्ये चैतन्य आलं. स्त्रिया पिशव्या काढू लागल्या. सीट नंबर १७ ने घरून रिकामा डबा आणला होता. भाऊ माहिती देत होते. देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा याच पट्ट्यातून येतो, २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, वगैरे. बस थांबली. छत्र्या उघडल्या. एका कुंपणाच्या दारातून आम्ही चौतीस जण रांगेने आत गेलो आणि उभे राहिलो. समोर चिखल होता. स्वच्छ, लाल, निखळ चिखल. मध्ये एक बुजगावणं होतं आणि तेही आमच्याकडे आश्चर्याने बघत होतं.

“सर, मॅडम, समोर जी दिसत नाहीये, ती स्ट्रॉबेरी.”

“झाडं कुठायत?” सीट नंबर १८ ने विचारलं. तो वर बघत होता. स्ट्रॉबेरी झाडाला, फांदीला, आंब्यासारखी लागते अशी त्याची समजूत होती. मालक पडवीतून बाहेर आले. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात चहाचा कप. त्यांनी समजावून सांगितलं की हे वीतभर उंचीचं रोप असतं, पावसाचा जोर ओसरला की गादीवाफे करून लागवड करतात, खाली प्लास्टिकचा कागद अंथरतात म्हणजे फळ मातीला लागत नाही, आणि फळ धरतं ते थंडीत. नोव्हेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत या.

“आम्ही जुलैत आलोय,” काका म्हणाले.

“हो, ते दिसतंय,” मालक म्हणाले. संपूर्ण दिवसात कुणाला काही दिसलं असेल तर ते त्यांना.

पण पुण्याचा माणूस पैसे भरून गेलेल्या जागेवरून रिकाम्या हाताने परतत नाही. पडवीत जॅम होता, क्रश होतं, सिरप होतं, गुलकंद होता, आणि का कोण जाणे, लोणचंही होतं. पंधरा मिनिटांत पडवी धुऊन निघाली. आम्ही क्रशच्या दोन बाटल्या घेतल्या. त्याच बाटल्या आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वीस रुपयांनी स्वस्त मिळतात, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. “पण ही बागेतली आहे,” ही म्हणाली. दारापाशी सिमेंटची एक पुरुषभर उंच स्ट्रॉबेरी होती, तिच्याजवळ सगळ्यांनी रांग लावून फोटो काढले. सीट नंबर १७ ने डबा उघडून त्यात हात घातल्याची पोज दिली.

मी भाऊंना बाजूला घेतलं. “अहो, मग नोव्हेंबरनंतरच आणत जा ना लोकांना.”

“आणतो ना सर. तेव्हा फळ असतं. पण धबधबा नसतो. जानेवारीत धार बारीक होते, मार्चमध्ये नुसती कातळावर ओल असते. लोक विचारतात, हाच का? मग सांगावं लागतं, समोर जो दिसत नाहीये…”

“मग डोंगर, फळबाग, धबधबा, तिन्ही एकदम कधी असतं?”

भाऊंनी टाय नीट केला. “पत्रकावर, सर.”

त्या क्षणापासून मला हा मुलगा आवडायला लागला.

यानंतर केट्स पॉइंट झाला. ‘झाला’ हाच शब्द बरोबर, कारण सहलीत पॉइंट बघत नाहीत, करतात. ‘तुमचे किती झाले?’ ‘आमचे सात झाले, दोन राहिले.’ कड्याच्या टोकाशी कठडा होता, कठड्यापलीकडे दूध होतं. भाऊ सांगत होते की खाली धोमचा जलाशय आहे, पलीकडे कमळगड आहे, आणि डावीकडचा कडा हत्तीच्या मस्तकासारखा, सोंडेसकट दिसतो. मग एक चमत्कार घडला. काकांनी हात लांब केला. “ती बघा सोंड!”

“कुठे?” दहा जण.

“ती काय! हात सरळ करा. माझ्या अंगठ्याच्या रेषेत.”

सगळे त्यांच्या अंगठ्याच्या रेषेत बघू लागले. रेषेत सीट नंबर १८ ची छत्री होती. पण हळूहळू वहिनींना सोंड दिसली. १७ ला सोंड आणि सुळा दिसला. एका लहान मुलीने “मला काहीच दिसत नाहीये” असं मोठ्याने सांगितलं, तर तिच्या आईने दटावलं, “नीट बघ! एवढे पैसे भरलेत!” मुलीने डोळे बारीक केले आणि म्हणाली, “हो, शेपूट दिसतंय.”

मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे. आम्ही दोघांनीही मान हलवली. ती मान ‘दिसतंय’ अशी हलली की ‘कमाल आहे’ अशी, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात मात्र सगळं स्पष्ट दिसलं, कारण त्याला छप्पर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. मी हात जोडले. सहावी नदी पहाटेपासून माझ्या डाव्या बुटात उगम पावली होती. ती अनवाणी आत येऊ शकली नाही, बाहेर कोपऱ्यात राहिली. परत आलो तेव्हा तिला भरपूर पाणी आलं होतं.

आर्थर सीटला वारा खालून वर येतो. खोल दरी, सरळसोट कडा, त्यावर आपटून वारा उभा चढतो. म्हणून इथे पाऊससुद्धा खालून पडतो. रेनकोट ही गोष्ट वरून येणाऱ्या पावसासाठी शिवलेली असते. माझा रेनकोट खालून भरला, फुगला, आणि काही क्षण मी त्या पॉइंटवरची सर्वांत मोठी प्रेक्षणीय वस्तू होतो. दोन अनोळखी लोकांनी माझा फोटो काढला. भाऊंनी सांगितलं की इथून हलकी वस्तू दरीत सोडली तर ती वर येते. काकांनी खिशातून सहलीची पावती काढली आणि सोडली. पावती खरोखर वर आली, भिरभिरली आणि सीट नंबर १८ च्या गालाला चिकटली.

“पावती आली,” काका म्हणाले, “पैसे काही आले नाहीत.”

जवळच तीन माकडांचा पॉइंट आहे, वाऱ्यापावसाने झिजून कातळाला आलेले आकार. ‘समोर जी दिसत नाहीयेत’ वगैरे झालं. खरी तीन माकडं त्याच वेळी आमच्या बसच्या उघड्या खिडकीतून वहिनींच्या मांडलेल्या साहित्याचा आस्वाद घेत होती. आवळासुपारी त्यांना आवडली. लिंबू नाही आवडलं, ते परत ठेवलं.

जेवण समाविष्ट होतं, गोडाची वाटी नव्हती. बाजारात तासभर मिळाला. निळ्या प्लास्टिकने गुंडाळलेल्या दुकानांतून लोकांनी चणे, चपला आणि काठ्या घेतल्या. काठी विकत घेणाऱ्याला मी मनात हसलो. पुढच्या दीड तासात त्याचं उत्तर मिळालं.

कारण शेवटी लिंगमळ्याचा धबधबा होता. वेण्णेचं पाणी सुमारे पाचशे फूट खाली कोसळतं. त्याच्यासाठीच ही आली होती. पत्रकातल्या धबधब्याच्या चित्राभोवती तिने पेनाने गोलसुद्धा केला होता. पायवाट उतरू लागलो. आवाज येत होता, नुसता आवाज, जणू डोंगरामागे कुणी न संपणारी मालगाडी सोडली आहे. पायाखाली दगड, दगडावर शेवाळ, शेवाळावर मी. वळणाशी पोचलो तेव्हा समोर तेच ते पांढरं. सगळे कठड्याला लागून उभे. भाऊंनी सवयीने तोंड उघडलं, “सर, मॅडम, समोर जो…”

आणि वाक्य तिथेच थांबलं, कारण धुकं फाटलं.

हे मला नंतर कळलं. त्या नेमक्या क्षणी माझा पाय शेवाळावरून गेला, पाठोपाठ उरलेला मी गेलो, आणि चष्मा स्वतंत्रपणे गेला. मी चिखलात बसलेला, दोन्ही हातांनी जमीन चाचपडतोय, आणि वर बाकीच्यांच्या तोंडून एकच “आहाहाहा!” निघाला. मला आधी वाटलं, मला उद्देशून आहे. मग “काय फोर्स आहे!”, “अगं व्हिडिओ घे, व्हिडिओ!” असं काहीबाही ऐकू आलं. वीस सेकंद. फार तर पंचवीस. चष्मा हातात आला, पुसला, नाकावर चढवला, मान वर केली. पांढरं.

“बघितलंत?” काका ओरडले. डोळे भरून आले होते त्यांचे. “बघितलंत ना?”

दिवसभर मी या माणसाला मनातल्या मनात हसलो होतो. सोंड दिसली म्हणे, अंगठ्याच्या रेषेत. माझ्या पँटच्या मागच्या बाजूला एक एकर लिंगमळा लागलेला होता, चष्म्याची एक काच तडकली होती, आणि १,४५० अधिक तीनशे अधिक क्रशच्या दोन बाटल्या, असा आकडा डोळ्यांपुढे होता.

“वा!” मी म्हणालो. “काय ते पाणी!”

परतीच्या बसमध्ये धबधबा वाढत गेला. पसरणीच्या घाटात तो सातशे फुटांचा झाला. वाईत त्याला दोन उपधबधबे फुटले. खंबाटकीच्या बोगद्यात वहिनी म्हणाल्या की खाली इंद्रधनुष्यही पडलं होतं. सूर्य आठवडाभर रजेवर होता, पण ते कुणी काढलं नाही. सीट नंबर १७ चा व्हिडिओ सगळ्यांनी मागून पाहिला. त्यात पहिली पाच सेकंदं त्यांचा अंगठा होता आणि पुढची पंधरा सेकंदं मी, चिखलात, रांगताना.

भाऊंनी शेवटी अभिप्रायाचा कागद फिरवला. मी ‘अविस्मरणीय’ लिहिलं. माझ्या वरच्या ओळीत काकांनीही तेच लिहिलं होतं. त्यांच्या वरच्या ओळीत छोट्या मुलीने हत्ती काढला होता. तिने त्याला फक्त शेपूट काढलं होतं.

परवा शेजारच्या वहिनी आल्या. हिने क्रशचं सरबत पुढे केलं. “बागेतलं आहे हो,” ही म्हणाली, आणि मग सहलीचं वर्णन सुरू झालं. खोरं, गड, हत्तीची सोंड. मीही खुर्ची पुढे ओढून घेतली. आपण गेलेल्या सहलीचं वर्णन ऐकायला मला आवडतं, बऱ्याच गोष्टी नव्याने कळतात. मग ही धबधब्यापाशी आली. असा कोसळत होता, असे तुषार, असं इंद्रधनुष्य.

“अय्या, इंद्रधनुष्य? कुठे?” शेजारच्या वहिनींनी विचारलं.

“डाव्या बाजूला,” मी म्हणालो.

“उजव्या,” ही त्याच वेळी म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि मला एकदम आठवलं, त्या वीस सेकंदांत चिखलात माझ्याबरोबर आणखी दोन हात चाचपडत होते. त्यांत हिरव्या बांगड्या होत्या. चष्मा मला सापडला नव्हता. तो माझ्या हातात कुणीतरी ठेवला होता.

शेजारच्या वहिनी ग्लास हातात धरून वाट बघत होत्या. हिने पदराने कपाळ टिपलं, सरबताचा जग पुन्हा उचलला आणि शांतपणे म्हणाली,

“दोन होती हो.”